एका पाण्यातील सहा पंगती

तळ्यात मासे सोडावयाचे म्हटले की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो : कोणता मासा लवकर वाढेल आणि चढ्या भावाने विकला जाईल? वाचकहो, आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. तळ्याचे पाणी वरून एकसारखे दिसले तरी त्यात अन्नाची निरनिराळी कोठारे असतात, आणि एका जातीच्या माशाला ती सगळी उघडता येत नाहीत.

कटला पृष्ठभागालगत राहून सूक्ष्म जलजीव टिपतो, रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाशी कुजलेल्या काडीकचऱ्यावर पोसतो. ह्या देशी त्रिकुटाच्या जोडीला १९५९ साली चंदेरा व गवत्या हे मूळचे चीनकडील मासे भारतात आणण्यात आले. चंदेरा पाण्याला हिरवा रंग देणाऱ्या सूक्ष्म वनस्पती गाळून खातो. गवत्या पाणगवत फस्त करतो आणि त्याची अर्धवट पचलेली विष्ठा तळाशी वावरणाऱ्या सायप्रिनसाला अन्न व तळ्याला खत होते. अशा ह्या सहा पंगती. एकीचे उष्टे दुसरीत वाढले जाते.

देशी मासे साचल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. म्हणून पूर्वी नदीतून मिळेल ते सरमिसळ बीज आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून ही अडचण दूर केली. १९७१ पासून देशभर मिश्र मत्स्यसंवर्धनाचे पद्धतशीर प्रयोग झाले. जेथे वर्षाला हेक्टरी सुमारे ६०० किलो मासळी निघे, तेथे ३ ते ५ टन निघू शकते असे दिसून आले.

परंतु पंगतीला पाने किती मांडावयाची, ह्यालाही मर्यादा आहे. हेक्टरी सुमारे ५,००० बोटुकली सोडण्याचा प्रघात आहे. केवळ देशी जाती घेतल्यास कटला ४, रोहू ३ व मृगळ ३ असे प्रमाण ठेवितात. लोभाने तळे भरले तर पहाटे प्राणवायू कमी पडतो, कारण पाण्यातील वनस्पती रात्री तो देत नाहीत, उलट घेतात. मग मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात, आणि तळे ठेक्याने घेतलेल्या कुटुंबाची वर्षाची कमाई एका रात्रीत जाते.

दुसरा धोका ह्याहून मोठा. १९७१ साली पुराच्या पाण्याबरोबर चंदेरा हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात शिरला. पुढे तोच तेथील प्रमुख मासा झाला आणि कटल्याची पीछेहाट झाली. तळ्यात मोजून सोडलेला हा सोबती मोकळ्या पाण्यात असा वरचढ ठरला.

तेव्हा ज्यांचे तळे नदीनाल्यालगत आहे, त्यांनी देशी त्रिकुटावरच समाधान मानावे, बांध उंच ठेवावा व सांडव्याला बारीक जाळी लावावी. उत्पन्न थोडे कमी येईल. पण खालच्या गावी नदीवर जाळे टाकणाऱ्याचे पोटही त्याच पाण्यावर चालते, हे विसरून कसे चालेल?