टाळ्या वाजवून झाल्या?

परवा लोणावळ्यात विशेष मुलांच्या शाळेत सत्र संपल्याचा कार्यक्रम झाला. माझा भाचा मनापासून नाचला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, चिक्की वाटली, सेल्फी काढले. 'अल्लाहची खास लेकरं' म्हणत एकानं डोळेही पुसले.

सुट्टीत ही खास लेकरं कुठं असतात? घरात. बहिणीला बघायला पाहुणे आले की मागच्या खोलीत. हे आपल्याच मोहल्ल्यात चालतं, शिकलेल्या घरांतही. माझ्याही घरात चाललं, आणि मी गप्प बसलो.

अंध सहाबी इब्न उम्मे मकतूम यांच्याकडं दुर्लक्ष झालं, तेव्हा सूरह अबस उतरली. ती आपल्याला पाठ आहे. वागण्यात कुठं आहे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षांपर्यंत आहे. भाचा आता अठराचा झाला. आपा विचारते, "पुढं काय रे?" कोडिंग करून पोट भरणाऱ्या मामाकडं उत्तर नाही.

तुमच्याकडं एक मागणं आहे. रविवारी क्रिकेटला निघालात की त्याला हाक मारा. स्कोअर लिहायला बसवू नका, त्याला आकडे जमत नाहीत. फील्डिंगला उभं करा. झेल सुटेल, पण चेंडूमागं तो जीव तोडून पळतो.