खिरीतलं दूध काढा, पण तिच्यात सोवळं घालू नका

बुद्ध पौर्णिमा आली की वस्तीवस्तीत खीरदानाची तयारी सुरू होते. आपल्यातली काही शिकलेली तरुण मुलं आता विचारतात, की ही खीर व्हेगन का करू नये? जनावराचं दूध नको, नारळाचं घालू. यावर जुनी मंडळी हसतात. दुसरीकडे काही जण या बिनदुधाच्या खिरीला लगेच ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’ म्हणून डोक्यावर घेतात. हसणाऱ्यांशी माझं भांडण छोटं आहे, ‘सात्त्विक’वाल्यांशी मोठं.

आधी हसणाऱ्यांना सांगतो. गूळ घातलेली गव्हाची खीर आठवा. गहू ओलवून कांडायचा, कोंडा पाखडायचा, मऊ शिजवायचा. मग गूळ, सुंठ, असलंच तर खोबरं. दूध चुलीवर घालत नाहीत, गुळाने ते फाटतं. ते वाढताना वरून घ्यायचं, आणि तेही ज्याच्या घरी असेल त्याने. आमच्या आज्यांच्या घरी बहुतेक वेळा नसायचं. म्हणजे बिनदुधाची खीर हे शहरी खूळ नाही. ती आपल्याच चुलीवरची आहे.

पण तिला करुणेचं नाव देताना सांभाळा. आज्यांनी दूध सोडलं नव्हतं, ते त्यांच्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकिगत दिली आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातभाईंना जेवण घातलं. पदार्थ तुपातले होते. जेवण चालू असताना शेकडो हिंदू लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवलं आणि जेवणाऱ्यांना मारलं. त्या जेवणात मांसाचा प्रश्न नव्हता. अस्पृश्याने तूप खाल्लं, हाच गुन्हा. ज्यांच्या ताटातलं तूप काल लाठीने काढलं, त्यांना आज ‘तूप सोडा, पुण्य लागेल’ असं कोणी सांगत असेल, तर आधी त्याने हा इतिहास वाचावा.

व्हेगन विचारातला एक मुद्दा मात्र मी मान्य करतो, कारण तो शाकाहाराच्या मोठेपणाचा बुरखा फाडतो. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि होणाऱ्या वासरांत गोऱ्हेही असतात. त्यांचं पुढे काय होतं, हे दूध पिणारा विचारत नाही. महाराष्ट्रात २०१५ साली बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. भाकड जनावर गोठ्यात ठेवून शेतकरी अडकला, खाटकाचा धंदा गेला, गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस गेलं. दुधाच्या पेल्याला मात्र कोणी हात लावला नाही. म्हणून व्हेगन प्रचारकांना माझी विनंती आहे : देवळातल्या दुधाच्या अभिषेकापाशी आधी जा, होमातल्या तुपापाशी जा. तिथे बोललात, की आमच्या दारात या. पाणी देऊ, ऐकूनही घेऊ.

आता ‘शुद्ध’ या शब्दाकडे येऊ. भिक्षूंनी मासे-मांस खाऊच नये असा नियम करा, अशी मागणी देवदत्ताने बुद्धाकडे केली होती. बुद्धाने ती नाकारली. आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली, तर ते मांस भिक्षूने घेऊ नये, एवढीच मर्यादा ठेवली. ज्याला स्वतःहून सोडायचं त्याला मोकळीक होती, पण सर्वांवर सक्ती नव्हती. आणि ज्या खिरीची आठवण म्हणून आपण खीरदान करतो, ती सुजाताची खीर तर देहदंडाचा मार्ग सोडणाऱ्याने खाल्ली. सिद्धार्थ जेवू लागला म्हणूनच त्याचे पाच सोबती त्याला सोडून गेले. अन्नावरून माणसाची पायरी ठरवणारे तेव्हाही होते.

आजही आहेत, आणि त्यांची किंमत पोरं मोजतात. महाराष्ट्रात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. त्याला धार्मिक भावनांच्या नावाने विरोध झाला. अंडं न खाणाऱ्या मुलासाठी केळ्याची सोय होती, तरी विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधीच थांबवला. ज्याच्या घरी काजू-बदाम आहेत, त्याचं यात काही गेलं नाही. झोपडीतल्या पोराचं आठवड्याचं एक अंडं गेलं. ‘शुद्ध आहार’ हा शब्द सत्तेत बसला की असा वागतो. तो शब्द आपणच आपल्या विहारात आणून बसवायचा का?

म्हणून तरुण मित्रांनो, खीर जरूर बिनदुधाची करा. गूळ-गव्हाचं एकच पातेलं चढवा, उतरवल्यावर नारळाचं दूध घाला. साधं दूध शेजारी तांब्यात ठेवा, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. दोन पातेली नकोत, दोन रांगा तर नकोतच. सूचनेवर ‘बिनदुधाची खीर’ एवढंच लिहा, ‘शुद्ध’ लिहू नका. आणि दुपारी ज्याच्या घरी वजडी शिजली असेल, त्यालाही त्याच रांगेत, त्याच पळीने वाढा.

जयभीम!