ओळख म्हणजे वशिला नव्हे

नोकरी लागली की घरोघर पेढे वाटले जातात. पण त्याआधी जागा निघाल्याची बातमी कानावर यावी लागते. ती कोणाच्या घरी आधी पोहोचते? ज्यांचे काका, मामा, आजोबा दोन-तीन पिढ्या कचेऱ्यांत आहेत, त्यांच्या घरी ती जेवता जेवताच कळते. आपल्या मुलाचा बाप हमाल, नाक्यावरचा मजूर नाहीतर सफाई कामगार. त्याला कोण सांगणार? ओळखी ही आपल्याला वारशाने न मिळालेली इस्टेट आहे. ती ज्याची त्यानेच कमवावी लागते.

आपले काही बांधव म्हणतात, "ओळखी वाढवायच्या म्हणजे साहेबाची हांजी हांजी करायची. वशिल्याने आपलेच नुकसान झाले, मग आपणही तेच करायचे?" त्यांचा राग रास्त आहे, पण येथे दोन गोष्टींची गल्लत होते. वशिला म्हणजे लायकी नसताना दुसऱ्याची जागा बळकावणे. ओळख म्हणजे आपली लायकी चार माणसांना ठाऊक असणे.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी १९१६ साली लंडनच्या विद्वानांना पत्र लिहून या विद्यार्थ्याची ओळख करून दिली. पुढे बाबासाहेब मायदेशी आले, पुन्हा लंडनला गेले, पण गुरूशी पत्रव्यवहार त्यांनी तोडला नाही. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची होती. विद्वत्ता बाबासाहेबांची स्वतःची. ती जवळून पाहिलेल्या माणसाने तिची साक्ष दिली, इतकेच.

ओळख जिवलगच हवी असेही नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरदारांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शेकडा १७ जणांचीच त्या माणसाशी वरचेवर भेट होत असे. बाकीच्यांना खबर मिळाली ती कधीमधी भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे. रोजच्या मित्राला जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असते. दुसऱ्या खात्यातला, दुसऱ्या गावातला माणूस नवी बातमी आणतो.

मग करावे काय? एक छोटी वही ठेवा. नाव, खाते, कोठे भेटलो, काय बोलणे झाले, ते लिहा. बदली झाली म्हणून जुन्या टेबलावरच्या माणसांना विसरू नका. निवृत्त हेडक्लार्कला अधूनमधून भेटा. सेवापुस्तकातील नोंदी आणि पेन्शनचे कागद यांतले त्यांना जितके कळते तितके पुस्तकात सापडत नाही. कोणी मदत केली, तर काम झाले की नाही ते त्याला आवर्जून कळवा. काम नसताना फोन करा. केवळ गरजेपुरता येणारा माणूस सर्वांना ओळखू येतो. आणि घेण्याआधी द्या. जाहिरात दिसली की मोबाईलवर तिचा फोटो काढून चार जणांना पाठवा. बाळंतपणासाठी नोकरी सोडलेल्या भगिनींनी सोबतिणींशी बोलणे तोडू नये; पुन्हा कामाला लागताना त्याच उपयोगी पडतात.

आता एक कटू गोष्ट. आपल्यापैकी काहींनी ब्लॉक घेतला आणि वस्तीची वाट सोडली. वरच्या साहेबाची ओळख ते जपतात, खालच्या पोराला मात्र ओळख दाखवत नाहीत. अर्ज कसा भरावा, मुलाखतीला काय विचारतात, हे त्या पोराला सांगणारे घरात कोणी नाही. कंत्राटी भरतीच्या या दिवसांत कित्येक जागा तोंडोतोंडीच भरल्या जातात. तेव्हा त्याचे नुकसान दुप्पट होते.

म्हणून नोकरदार बंधू-भगिनींनो, या रविवारी तासभर काढा. एका जुन्या सहकाऱ्याची खुशाली विचारा आणि वस्तीतल्या एका शिकणाऱ्या मुलाचे नाव आपल्या वहीत लिहा. पहिली ओळख तुम्हाला उभे ठेवील, दुसरी तुमच्यामागून येणाऱ्याला उभे करील.