१ सप्टेंबरला सगळ्या रापणी पडतील

हे पत्र सहावे. आधीच्या पाचांची पोच आमच्याकडे आहे. उत्तर एकाचेही नाही.

सातवे येणार नाही.

आम्ही मालवणच्या किनारपट्टीवरचे रापणकर. कोण, किती, कुठल्या वाडीचे, हे पाच वेळा लिहून दिले आहे. पुन्हा सांगत नाही.

विषय तोच. पाण्यावरच्या स्कूटर, बनाना राइड ओढणाऱ्या स्पीडबोटी, पॅरासेलिंगच्या बोटी. त्या कुठे चालाव्यात, किनाऱ्यापासून किती लांब, कुणाच्या हाती असाव्यात, किती वाजेपर्यंत. परवाना देताना तुम्ही अटी घालता. अटींचा कागद तुमच्या कपाटात राहतो. यंत्र आमच्या दोरावर येते.

आम्ही पर्यटनाच्या विरोधात नाही. सभ्यपणा म्हणून हे लिहिलेले नाही. आमच्याच घरांत निवास-न्याहारीच्या खोल्या आहेत. पाहुण्याच्या ताटातली सुरमई आमचीच असते. स्कूटर चालवणाऱ्यांत आमचे पोरगेही आहेत. त्यांनी कर्ज काढले, प्रशिक्षण घेतले, विमा भरला. नियम पाळणाराच धंद्यात मागे पडतो, असे तेच आम्हाला सांगतात.

या पत्रावर त्यांच्याही सह्या आहेत. नीट बघा.

तुमच्यापैकी जे अधिकारी बदलीवर आले आहेत त्यांच्यासाठी रापण म्हणजे काय ते एकदा सांगतो. होडी एका दोराचे टोक किनाऱ्यावर ठेवून निघते. अर्धगोल घालत जाळे सोडते. दुसरा दोर घेऊन परत किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून माणसे ओढतात. बाया, म्हातारे, शाळेला सुटी असेल तर पोरे. इंजिन नाही. जाळे वाळूवर यायला तास-दोन तास जातात.

वाटणी ओढणाऱ्या प्रत्येकाला. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा. जिच्या घरात ओढायला कोणी उरले नाही, तिच्या टोपलीतही आमच्याकडे मासे पडतात.

एकदा पडलेली रापण मधेच उचलता येत नाही. बाजूला घेता येत नाही. समोरून येणाऱ्यानेच वळायचे असते.

आणि नेमके तेच या यंत्राला जमत नाही.

वॉटर स्कूटरला सुकाणूचे पाते नसते. ती पोटाखालून पाणी ओढते आणि मागच्या तोटीतून फेकते. तोटी वळली की यंत्र वळते. पाणी फेकणे थांबले की वळणेही थांबले. नवखा माणूस समोर काही दिसले की घाबरतो आणि पहिल्यांदा थ्रॉटल सोडतो. त्या क्षणी हँडल नुसते हातात उरते. यंत्र होते तसे सरळ जात राहते.

नव्या काही यंत्रांत यावर उपाय केलेला असतो. भाड्याने फिरणाऱ्या कुठल्या यंत्रात तो आहे आणि कुठल्यात नाही, हे बघणे तुमचे काम. मनगटाला बांधायची एक दोरी असते. माणूस पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होते. आमच्या किनाऱ्यावर ती दोरी बहुतेक वेळा हँडललाच गुंडाळलेली दिसते.

गेल्या मार्गशीर्षातली सकाळ. दुसऱ्या पत्रात सविस्तर आहे, तरी पुन्हा.

रापण अर्धी आत आली होती. दोर ताणलेला. एक स्कूटर जाळ्याच्या बोयांच्या आतून आली. आम्ही ओरडलो. एकाने डोक्याचे फडके सोडून हलवले. स्कूटरवरच्या पाहुण्याने हात वर करून उत्तर दिले. आम्ही टाटा करतो आहोत असे त्याला वाटले.

दोर यंत्राच्या पोटात गेला.

सगळ्यांत पुढे एक म्हातारा होता. त्याच्या तळव्याची साल दोराबरोबर गेली. तो ओरडला नाही. हात धोतरात धरून म्हणाला, "पोराक बघा आधी."

पाहुणा पाण्यात होता. पोहता येत नव्हते. जॅकेटचे बंद लावलेले नव्हते. आमच्या दोघांनी त्याला बाहेर काढले. यंत्र सुटावे म्हणून आमचा दोर आम्हीच कोयत्याने तोडला. जाळे ढिले पडले. बांगडा होता, तो गेला.

पंचनामा मागितला. नुकसान किती, असे विचारले गेले. निसटलेली मासळी मोजता येत नाही, असे आम्ही सांगितले. मग पंचनामा झाला नाही.

त्या दिवशी आम्ही यंत्र फोडू शकलो असतो. ते आमच्याच वाळूवर आडवे पडले होते. आम्ही ते उलटे करून पाणी काढून दिले आणि अर्ज लिहायला बसलो.

हा संयम होता. त्याला तुम्ही काय नाव दिलेत, ते तुम्हाला ठाऊक.

कायदा नाही, हे उत्तर या वेळी देऊ नका.

जलयान बेदरकारपणे चालवून माणसाचा जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत कलम २८०. नव्या न्याय संहितेत कलम २८२. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून हेच कलम लागू आहे. असुरक्षित किंवा जादा भरलेल्या बोटीतून भाड्याने माणसे नेण्यासाठी कलम २८४. समुद्राला यातून सूट नाही.

आणि तुमचा शब्द पाण्यावर चालत नाही, असेही म्हणू नका. चालतो. आम्ही दरवर्षी बघतो. २६ मे उजाडतो आणि जलक्रीडा बंद होतात. ३१ ऑगस्टपर्यंत यंत्रे ताडपत्रीखाली असतात. एका आदेशावर. पावसाळ्यात जो आदेश चालतो, त्याच सहीचा दुसरा आदेश उरलेले नऊ महिने का चालत नाही, हे आम्हाला कोणी समजावून दिलेले नाही.

२४ मे २०२२. हंगामाचे शेवटचे दिवस. तारकर्लीजवळ स्कुबासाठी गेलेली बोट उलटली. वीस पर्यटक होते. दोघे गेले.

यावर अधिक लिहीत नाही.

बंधने आम्हालाही आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. बिगरयांत्रिक होडीला त्यातून सूट आहे. तरी नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ दर्याला दिल्याशिवाय आम्ही रापणीची होडी लोटत नाही. ती बंदी कुठल्या राजपत्रात छापलेली नाही.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड धरून सुमारे २९ चौरस किलोमीटर. आम्ही विरोध केला होता. लपवत नाही. प्रवाळाला आमच्या जाळ्याचा धोका आहे, असे तेव्हा आम्हाला समजावले गेले. तेच प्रवाळ दाखवायला आज इंजिनावर माणसे नेली जातात. जाळ्याला धोका म्हणणारे आता गप्प आहेत.

आम्ही मागतो ते नवीन नाही, मोठेही नाही. दुसऱ्यांनी याहून कितीतरी अधिक केले आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन हुआन काउंटीने १९९६ साली ही यंत्रे आपल्या पाण्यातून बंदच केली. धंदेवाले न्यायालयात गेले. १९९८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागराच्या अभयारण्यात १९९२ पासून ही यंत्रे आखून दिलेल्या पट्ट्यांतच चालतात. ब्रिटनने ३१ मार्च २०२३ पासून त्यांना जहाजांच्या कायद्याखाली आणले. बेदरकारपणाला तिथे दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

आम्ही बंदी मागत नाही. पट्टा मागतो.

यंत्रांचा पट्टा बोये टाकून आखा, रापणीच्या जागा सोडून. जागा आम्ही दाखवू. त्या आमच्या पणजोबांपासून ठरलेल्या आहेत. रापणीचा बावटा वर असेल तोवर त्या पट्ट्याबाहेर एकही इंजिन नको. प्रत्येक यंत्रावर क्रमांक असा रंगवा की किनाऱ्यावरून वाचता येईल. आज तक्रार करायची तर "निळी स्कूटर" असे लिहावे लागते. प्रशिक्षित चालक मागे बसल्याशिवाय यंत्र पाहुण्याच्या हाती जाऊ नये. अंधार पडल्यावर कोणीही नको. आणि तपासणीची एक बोट. एकच. पण पाण्यात असलेली.

मुदत ३१ ऑगस्ट. बंदीचे उरलेले दिवस तुमच्याकडे आहेत, पाणी रिकामे आहे, बोये टाकायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

१ सप्टेंबरला पट्टा आखलेला नसेल, तर पुढे काय होईल ते सांगतो.

त्या दिवशी सूर्योदयाला या किनाऱ्यावरच्या सगळ्या रापणी पडतील. एरवी आम्ही पाळीने टाकतो, म्हणून तुम्हाला मधे मोकळे पाणी दिसते. त्या दिवसापासून पाळी नसेल. एक ओढून होते तोवर तिच्या शेजारची पडलेली असेल. सूर्यास्तापर्यंत. दुसऱ्या दिवशीही. गणपतीचे दीड-पाच दिवस सोडून, रोज.

होड्यांची नोंदणी आहे. परवाने चालू आहेत. तारखा तपासून घ्या.

याला मोर्चा म्हणता येणार नाही. जमावबंदी लावून उपयोग नाही. उपोषण नाही, घोषणा नाहीत, फलक नाही. आम्ही मासे मारत असू. मासे मारणाऱ्या कोळ्या-गाबितांना समुद्रातून उठवण्याचा आदेश कुणाला काढायचा असेल त्याने काढावा, आणि खाली आपले नाव स्वच्छ अक्षरात लिहावे.

यंत्रे वाळूवर उतरवायच्या वाटा आमच्या माडांच्या बागांतून जातात. आजवर कुणाला अडवले नाही, भाडे मागितले नाही. १ सप्टेंबरला त्या वाटांवर बेडे पडतील.

बुडणाऱ्याला मात्र आम्ही काढू. कुठल्याही दिवशी, कुठल्याही यंत्रावरून पडलेला असो. ते या भांडणात नाही.

आमच्याने एवढे दिवस निभेल का, असा विचार कुणी करत असेल. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध लढलो तेव्हाही तोच विचार झाला होता. आम्ही वर्षानुवर्षे थांबलो. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने निर्बंधांचा आदेश काढला. त्या लढ्यात ज्यांनी दोर धरला होता, ते बहुतेक आजही दोरावर आहेत.

तेव्हाही आधी अर्जच दिले होते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बैठकीचे बोलावणे येईल, हे आम्हाला माहीत आहे. येऊ. चहा घेऊ. जे बोलायचे ते या कागदात आहे. बैठकीसाठी रापण पुढे ढकलली जाणार नाही. बैठक बोये टाकल्यानंतर ठेवलीत तर अधिक बरे. पाण्यावरच ठेवा.

तळव्याची साल गेलेला म्हातारा आता दोर धरू शकत नाही. तो किनाऱ्यावर बसून जाळी विणतो. या पावसाळ्यात त्याने नेहमीपेक्षा जास्त विणली आहेत.

या पत्राची पोच नको.