नाताळच्या ताटावरची नावाची चिठ्ठी



आम्ही राहतो ती गल्ली छावणीच्या बाजूची. आमच्या भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती कुटुंब आहे. बुद्धपौर्णिमेला आमच्याकडून खिरीचे पातेले तिकडे जाते आणि नाताळला तिकडून करंज्या, शेव आणि केकचे ताट येते. ताट रिकामे परत पाठवायचे नाही हे आमच्या आईने घालून दिलेले वळण. म्हणून त्यात शेंगदाण्याचे लाडू जातात आणि त्यांच्या लेकरांसाठी वही, पेन्सिल, कानटोपी असे काहीतरी जाते. २५ डिसेंबर हा १९२७ सालच्या महाडच्या मनुस्मृती दहनाचाही दिवस. संध्याकाळी आपल्या वस्तीत सभा असते, तेव्हा ताट सकाळीच पोचवावे लागते.

तीन वर्षांमागे आम्ही या भेटींवर लावायला बाजारातून चिठ्ठ्यांचे तयार पाकीट आणले. चकचकीत कागद, वर इंग्रजीत सोनेरी छपाई. त्या गुळगुळीत कागदावर आमचे डॉटपेन उठेना. कसेबसे लिहिले ते हाताच्या घामाने पुसले. शेजारच्या मावशींकडे त्या दिवशी पाच घरांची ताटे जमली होती आणि पाचांवरही तसलीच चिठ्ठी. आमचे ताट चार घरे पलीकडे गेले आणि तिकडचा डबा आमच्याकडे आला. हसण्यावारी गेले ते. पण दुसऱ्या दिवशी आमच्या धाकटीला आपण रंगवलेली चिठ्ठी गटारीच्या कडेला सापडली. ती काही बोलली नाही. उचलून दप्तरात ठेवली एवढेच.

तेव्हापासून चिठ्ठ्या घरीच करतो, आणि अशा करतो की भेट उघडल्यावर त्या टाकाव्याशा वाटू नयेत, घरात टांगता याव्यात.

तसा हा प्रकार जुना आहे. नाताळचे पहिले विकायचे छापील कार्ड लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी काढले. त्यावर ‘कोणाला’ आणि ‘कोणाकडून’ अशा दोन मोकळ्या जागा होत्या. किंमत एक शिलिंग. तिथल्या मजुराला ती परवडणारी नव्हती! आम्ही मात्र तो खर्च रद्दीत भागवतो.

कागद विकत घ्यायचाच असेल तर तो आपल्या जिल्ह्यातच होतो हे ध्यानात असू द्या. दौलताबादच्या पुढे खुलताबादच्या रस्त्याला कागजीपुरा गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या लोंढ्याबरोबर कागद करणारे कारागीर आले आणि इथेच राहिले, असे सांगतात. गावाला नाव पडले ते त्यांच्या धंद्यावरून. कापडाच्या चिंध्या आणि जुने दोरखंड भिजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो हौदात पाण्यात मोकळा करायचा, चाळणीवर एक पातळ थर उचलायचा, दाबून पाणी काढायचे, वाळवायचे, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. खळ आणि घोटाई नसेल तर शाई फुटते. हे काम जाणणारे हात आता तिथे फार थोडे उरले आहेत.

चिंधीचा कागद टिकतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहते, म्हणून तो उन्हात चार दिवसांत पिवळा पडतो आणि पुढे कुरकुरीत होऊन तुटतो. सुती चिंधीत ते जवळजवळ नसतेच. आणि या चिंध्या, ही रद्दी मुळात गोळा कोण करते? खांद्यावर पोते टाकून पहाटे निघणाऱ्या बायका. पुण्यात १९९३ साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, ओळखपत्रे मिळवली. त्यांत आपल्या समाजाच्या भगिनी किती आहेत हे वेगळे सांगायला नको.

आता हिशेब. हातकागदाचा मोठा ताव साधारण २२ इंच बाय ३० इंच असतो. चिठ्ठी २ बाय साडेतीन इंचांची धरा. चिठ्ठीची लांब बाजू तावाच्या लांब बाजूने ठेवली तर ८८ चिठ्ठ्या निघतात. तीच आडवी फिरवून मांडली तर ९०. कापण्याआधी पेन्सिलीने आखून बघा, एवढेच सांगणे. एक ताव सहा-सात घरांना पुरतो.

विकत नको असेल तर घरचा कागद करा. मुलांच्या जुन्या वह्या घ्या, पिना काढा, नखाएवढे तुकडे करून रात्रभर भिजवा. सकाळी मिक्सरमध्ये एक मूठ कागद आणि भरपूर पाणी, असे थोडे थोडे फिरवा. आमच्या आईचे मत असे की पाट्यावर वाटलेला लगदा चांगला, आणि ते खरे आहे. पाते धागा कापते, वरवंटा तो फक्त कुटतो, म्हणून कागद चिवट होतो. पण चाळीस कागदांत खांदा भरून येतो. कापडाच्या चिंध्या मात्र मिक्सरमध्ये घालू नका. पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. आमची जळता जळता राहिली.

जुन्या फोटोच्या चौकटीला मच्छरदाणीची जाळी ताणून खिळे मारा. घमेल्यात लगदा पातळ करा, चौकट उभी बुडवा, पाण्याखाली आडवी करा आणि सरळ वर उचला. एकदाच हलकेच हलवा. पाणी निथळले की जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर पालथी घाला, मागून फडक्याने टिपा आणि चौकट अलगद उचला. पहिले चार-पाच फाटतात. फाटलेले परत घमेल्यात टाका, वाया काही जात नाही. असे थर एकावर एक रचून वर फळी आणि पाटा ठेवा. तासाभराने फडक्यासकट वाळवा. आपल्याकडच्या डिसेंबरच्या उन्हात दिवसात वाळतो. मग तांदळाच्या पातळ पेजेचा हात फिरवा, पुन्हा वाळवा आणि स्टीलच्या वाटीच्या बुडाने घोटा.

रंगाला हळद वापरू नका, उन्हात उडते. चहाचे पाणी छान तपकिरी धरते. लगद्यात कपड्यांची नीळ चार थेंब टाकली की सुंदर निळा कागद येतो. आमच्या घरात तोच सगळ्यांना आवडतो.

साधी चिठ्ठी झाली. टांगायची चांदणी करायची असेल तर तीन इंचांच्या दोन सारख्या चांदण्या कापा. एक वरच्या टोकापासून मध्यापर्यंत चिरा, दुसरी खालच्या खाचेतून मध्यापर्यंत. भेटीवर दोन्ही एकावर एक सपाट बांधायच्या. ज्याला मिळाली त्याने त्या एकमेकींत सरकवल्या की चौबाजूंनी दिसणारी उभी चांदणी होते. चीर कागदाच्या जाडीएवढीच ठेवा, जास्त झाली तर डुलते. दोऱ्याचे भोक खालून चिरलेल्या चांदणीला पाडा, आणि भोकाच्या मागे कापडाची टिकली चिकटवा, नाहीतर आठ दिवसांत फाटते. आमच्यासाठी आम्ही पिंपळपान कापतो. मावशींकडून आलेली आणि आमची उरलेली पाने दोऱ्यात ओवून त्यांचे तोरण १४ एप्रिलला दाराला लागते. मागच्या बाजूला साल लिहून ठेवतो.

नाव कोणी लिहायचे, यावरून मात्र घरात पहिल्याच वर्षी वाद झाला. अक्षर चांगले म्हणून थोरलीने लिहायचे ठरले होते. आई कोपऱ्यात लाडू वळत बसली होती. ती म्हणाली, “लाडू म्या वळले, ताट माझ्या नावानं जातंय, मंग नाव म्याच लिहिणार.” आम्ही एकमेकांकडे पाहिले. आईची सारी हयात बिगारी कामात गेली. हजेरीपटावर अंगठा, पगाराच्या पावतीवर अंगठा. पोरांना शिकवले, स्वतः शाळेची पायरी चढली नाही. नातीने तिला पाटीवर अक्षरे गिरवायला शिकवली होती, पण ते खेळातले, असेच आम्ही धरून चाललो होतो.

तिने नऊ चिठ्ठ्या खराब केल्या. चकचकीत कागद असता तर नऊही फुकट गेल्या असत्या. हातकागद म्हणून पेन्सिल खोडता आली, चार पुन्हा वापरल्या. दहाव्या चिठ्ठीवर नाव उमटले. पहिले अक्षर मोठे, शेवटचे कडेला चेपलेले, वरची रेघ चिठ्ठीबाहेर जाऊ बघणारी. थोरली म्हणाली, “आजी, मी नीट करून देऊ?” आई म्हणाली, “राहू दे. त्यांना कळंल कुणाचं हाये ते.”

त्या वर्षी आमचे ताट बरोबर आमच्याच घरी परत आले. सहा जानेवारीला मावशींनी झाड उतरवले तेव्हा आम्ही मदतीला गेलो होतो. काचेचे गोळे खोक्यात गेले. आईची चांदणी त्यांनी जुन्या पोस्टकार्डात गुंडाळून वेगळी ठेवली आणि म्हणाल्या, “ही बायबलात ठेवते. खोक्यात उंदीर लागतो.” पुढच्या नाताळला ती पुन्हा झाडावर होती. आता तिथे आईच्या तीन चांदण्या आहेत, आणि तिसरीवरची रेघ बरीच सरळ आहे.

यंदा आईने दोन कोऱ्या चिठ्ठ्या जास्तीच्या मागितल्या आहेत. कोणाला द्यायच्या ते सांगत नाही. या रविवारी लगदा भिजत घालणार आहोत. तुम्हीही जुन्या वह्या काढून ठेवा, आणि पिना आधी काढा, पात्याला लागल्या की खडखड होते.