विराट भंगारात गेल्यावर जागं होऊन काय उपयोग?

धसईच्या नाक्यावर बजाजची व्ही-१५ दिसली की माझी नजर तिच्या टाकीवर जाते. तिच्यात विक्रांतचं पोलाद आहे. १९७१ च्या युद्धातली आपली विमानवाहू नौका १९९७ ला निवृत्त झाली. ती वाचवायला लोक कोर्टात गेले, तरी २०१४ मध्ये दारूखान्यात तिच्यावर कटर चाललाच.

त्यातून आपण काय शिकलो? काही नाही. मार्च २०१७ ला विराट निवृत्त झाली. राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. टाळ्या झाल्या, बातम्या छापल्या (आम्हीच!). आणि २०२० ला विराट अलंगच्या भंगारात. एक कंपनी ती वाचवायला सुप्रीम कोर्टात गेली, फेब्रुवारी २०२१ मध्ये स्थगितीही मिळाली. पण तोवर बराच भाग तोडून झाला होता. एप्रिलमध्ये याचिका संपली.

त्याच मार्च २०१७ मध्ये नौदलाचं टीयू-१४२ विमानही निवृत्त झालं. विशाखापट्टणमवाल्यांनी डिसेंबरपर्यंत ते किनाऱ्यावर उभं करून संग्रहालय सुरूही केलं. नौकेचा खर्च विमानापेक्षा कितीतरी जास्त, मान्य. पण निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते ना? मग पैसे लिलावाआधी बाजूला का काढत नाहीत? हौशी मंडळींनी वर्गणी काढून असली धुडं वाचत नसतात.

बाकी घोषणांचं आपल्याला कुणी सांगायला नको. २०१६ चं 'कॅशलेस गाव' आपलंच होतं.