कुत्रा चावल्यावरची पहिली पंधरा मिनिटे

‘विषाणूची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.’ जीवशास्त्राच्या पेपरातला हा प्रश्न मुलांच्या आवडीचा. पाठ्यपुस्तकात बहुधा जिवाणूभक्षक विषाणूचे चित्र असते. वर षटकोनी डोके, खाली दांडा आणि चंद्रावर उतरणाऱ्या यानासारखे सहा पाय. पट्टी घेऊन बसले की पाच मिनिटांत काम फत्ते. त्याच्या मागोमाग ‘विषाणू सजीव की निर्जीव? शास्त्रीय कारणे द्या’ हा प्रश्न येतो. पेशीबाहेर तो निर्जीव कणासारखा, पेशीत शिरला की सजीवासारखा, असे उत्तर लिहिले की पैकीच्या पैकी गुण! परीक्षा संपते, वही रद्दीत जाते. आणि त्याच घरात कुणाच्या पोटरीला गल्लीतला कुत्रा चावला की आजी चुन्याची डबी शोधते, शेजारच्या काकू हळद आणि तिखट सुचवतात, कुणी तरी उतारा देणाऱ्या बाबांचा पत्ता सांगतो. आकृती काढून गुण मिळवलेला मुलगा बाजूला उभा राहून बघत असतो. उत्तर त्याच्या वहीत होते, हे त्याच्याही लक्षात येत नाही.

रेबीजचा विषाणू दिसतो बंदुकीच्या गोळीसारखा. एक टोक गोल, दुसरे सपाट. लांबी सुमारे १८० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर एकामागे एक असे साडेपाच हजार विषाणू मावतील. आत आरएनएचा एक धागा आणि त्यावर जनुके किती, तर अवघी पाच. माणसाच्या पेशीत प्रथिने बनवणारी जनुके सुमारे वीस हजार आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या भिकाऱ्याची मिजास कळते. धाग्याभोवती प्रथिनांचे वेष्टन. आणि सर्वांत बाहेर, आकृतीत मुले ज्याला घाईघाईने ‘बाह्य आवरण’ असे नाव देतात, ते स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण. त्यावर काट्यांसारखी प्रथिने टोचलेली. हे काटे म्हणजे विषाणूच्या हातातल्या किल्ल्या. त्यांच्याशिवाय कुठल्याच पेशीचे कुलूप उघडत नाही.

आता स्निग्ध पदार्थाचे वैर कुणाशी? रोज खरकटी भांडी घासणाऱ्या बाईला विचारा. साबणाशी! तेलकट कढई साबणाने निघते त्याच न्यायाने हे आवरणही साबणाने फाटते. आवरण गेले की काटे गेले आणि काटे गेले की विषाणू पेशीच्या दारात उभा राहूनही आत शिरू शकत नाही. २०२०मध्ये करोनाच्या साथीत सगळा देश साबणाने हात धूत होता, त्याचेही कारण हेच. पोलिओच्या विषाणूला असे आवरण नसते, त्यामुळे तो साबणाला इतक्या सहजी बधत नाही. रेबीजचा बधतो.

म्हणून चावा बसल्याबरोबर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे घड्याळ लावूनच पाहावे. चिमूटभर फेस करून दोन तांब्ये ओतले की ती होत नाहीत. चुना, हळद, तिखट, तेल, कॉफीची पूड यांतले काहीही लावायचे नाही. तिखटाने जखम भाजते, चोळण्याने विषाणू आणखी आत ढकलला जातो. नंतर आयोडीनचे औषध लावून थेट दवाखाना गाठायचा. जखम घट्ट बांधायची नाही, टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत.

धुण्यातून जो विषाणू निसटतो त्याचा पुढचा प्रवास मात्र पाठ्यपुस्तकातल्या जिवाणूभक्षकासारखा नाही. तो जिवाणूला चिकटतो, आपला धागा आत सोडतो, अर्ध्या-पाऊण तासात शेकडो पिल्ले तयार करतो आणि घर फोडून बाहेर पडतो. रेबीजचा विषाणू घाई करत नाही. चाव्याच्या जागी स्नायूंत तो काही काळ राहतो, थोडासा वाढतो आणि मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकाला काट्यांनी चिकटून आत शिरतो. तिथून मेंदूकडे निघतो. स्वतःला पाय नाहीत, तेव्हा पेशी आपला माल वाहून नेण्यासाठी जी यंत्रणा वापरते तिच्यावरच हा फुकट्या बसतो. मज्जातंतूच्या आत असताना रक्तातल्या संरक्षक प्रतिपिंडांना तो सापडत नाही. ताप नाही, सूज नाही. जखम भरून येते, खपली पडते, घरातले विसरून जातात.

हा काळ बहुधा दोन ते तीन महिन्यांचा असतो. कधी आठवडाभर, कधी वर्षभर. पायाला चावला तर वाट लांबची, तोंडाला किंवा मानेला चावला तर जवळची. लहान मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाजवळ येते, हे इथे विसरून चालत नाही. जगात संशयित जनावराने चावा घेतलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात. ‘कुत्र्याला दगड का मारलास?’ म्हणून ओरडा बसेल या भीतीने मूल कित्येकदा चावा लपवते. तो ओरडा नंतर कधी तरी देता येतो.

मेंदूत पोहोचल्यावर विषाणूची वाढ जोरात होते आणि तिथून तो मज्जातंतूंवाटेच लाळग्रंथींत उतरतो. या टप्प्यावर त्याचा कावा उघड होतो. मेंदू बिघडल्याने कुत्रा दिसेल त्याला चावत सुटतो आणि चावण्यासाठी लागणारी विषारी लाळ तोंडात तयारच असते. माणसात घशाच्या स्नायूंना पाणी गिळताना असह्य पेटके येतात. पाण्याचा पेला पाहूनही अंग ताठते, पंख्याची झुळूकसुद्धा सोसत नाही. हाच जलसंत्रास. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात याचे वर्णन आहे आणि पाण्याची भीती सुरू झालेला रोगी वाचत नाही, असेही तिथे म्हटले आहे. इतक्या शतकांनंतर हातात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले, तरी लक्षणे दिसू लागल्यावर वाचलेले रुग्ण जगात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

पण शत्रूच्या या संथपणातच माणसाची सोय आहे. रोगाचे बी अंगात शिरल्यावर लस देऊन उपयोग होतो, असे रोग फार थोडे. लुई पाश्चर यांनी हे ओळखले. ६ जुलै १८८५ रोजी अल्सासमधला नऊ वर्षांचा जोसेफ मायस्टर आईबरोबर पॅरिसला त्यांच्याकडे आला. दोन दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने ठिकठिकाणी फाडले होते. पाश्चर डॉक्टर नव्हते, त्यामुळे सुई डॉ. ग्रांशे यांनी टोचली. लस होती रोगी सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूची. तेरा सुया झाल्या आणि मुलगा जगला. गंमत अशी की पाश्चरना विषाणू ही चीज कधी दिसलीच नाही. गाळणीतूनही निसटणारे हे रोगकारक १८९२मध्ये तंबाखूच्या पानांवरच्या रोगात प्रथम लक्षात आले. मायस्टर पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच रखवालदार झाला.

भारतात १९०० साली कसौलीला आणि १९०७मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. बेंबीभोवतीच्या त्या प्रसिद्ध चौदा सुया याच लशीच्या! या सुयांचा धसका पिढ्यान्‌पिढ्या पसरला आणि त्या धसक्यापोटी लोक उताऱ्याकडे वळले, यात नवल नाही. त्या लशीत मेंदूचे अंश असल्याने काहींना लकव्यासारखे दुष्परिणामही होत. २००४ साली भारतात तिचे उत्पादन बंद झाले. तरी ‘पोटात चौदा’ ही म्हण कट्ट्यावर अजून जिवंत आहे आणि तिचा बळी ठरणारी माणसेही.

आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते आणि दंडावर टोचतात. कातडीत टोचायची असेल तर ज्या दिवशी पहिली सुई तो शून्यावा दिवस धरून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. स्नायूत असेल तर चौदावा दिवसही. रक्त आलेल्या चाव्याला लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे औषध जखमेतच आणि भोवती टोचावे लागते, कारण लशीने शरीराचे स्वतःचे प्रतिपिंड तयार व्हायला आठ-दहा दिवस जातात. तेवढ्या दिवसांत विषाणूला मोकळे रान मिळू नये. कुत्रा दहा दिवस जगतो का ते पाहावे हे खरे, पण सुई सुरू करून पाहावे. तो पाळीव आहे, ‘आपला मोत्या’ आहे, म्हणून थांबू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे रेबीज जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार बळी घेतो आणि त्यांतले ३६ टक्के भारतात. जवळपास सगळे कुत्र्यापासून. म्हणजे खरा उपाय माणसाच्या दंडापेक्षा कुत्र्याच्या पाठीत सुई टोचण्याचा. गोव्यात गावोगाव जाळी घेऊन फिरणाऱ्या पथकांनी वर्षाला लाखाच्या जवळपास कुत्र्यांना लस टोचली आणि २०१८, २०१९ या वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. गल्लीतल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, असे हे गणित आहे.

सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. पहिल्या दिवशी अख्खे घर रुग्णालयात जाते, तिसऱ्याला आई, सातव्याला मोठा भाऊ. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत खपली पडलेली असते, मूल क्रिकेट खेळत असते, कुत्राही गल्लीत शेपूट हलवत फिरत असतो. नेमकी तीच सुई राहून जाते. पहिल्या सुईच्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर उरलेल्या तारखांना लाल पेनाने गोल केलेला बरा. दूधवाल्याच्या खाड्यांच्या फुल्यांत तो हरवू नये, एवढा मोठा.